वाढत्या वयाचे कादंबरीकार : हरि नारायण आपटे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वाचकाच्या हाती ज्या कादंबऱ्या पडत होत्या, त्यांतील नायक-नायिका तरुण असत. परंतु त्या कधी वाढलेल्या नसत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कथांतील राजपुत्र आणि राजकन्या कथेत प्रवेश करतात तेव्हाच प्रेम करण्यास योग्य अशा वयाच्या असतात. त्यांचे बालपण उरकून झालेले असते, किंवा ते कथेला नकोच असते. वाचणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट होती. त्याचे लग्न शाळेत असतानाच झालेले असे, पत्नी आठ-दहा वर्षांची असे, आणि प्रेम नावाची जी गोष्ट पुस्तकात पानोपानी होती तिला त्याच्या घरात जागा नव्हती. बालपण आणि संसार यांच्यामध्ये जे वय असते, ज्यात मनुष्य स्वतःला ओळखू लागतो, ते वयच त्या समाजाने जवळजवळ वगळलेले होते. मराठीत त्या वयाची कादंबरी निर्माण करण्याचे काम हरि नारायण आपटे यांना करावे लागले. त्यांच्या चरित्राकडे ऐतिहासिक कादंबरीचे जनक किंवा सामाजिक कादंबरीचे प्रवर्तक या ठरीव बिरुदांच्या वाटेने जाण्याची प्रथा आहे. त्या वाटेने न जाता, एका अस्वस्थ वाचकाचे चरित्र म्हणून ते पाहिले तर त्यांच्या लेखनातील काही गोष्टींचा उलगडा अधिक चांगला होतो.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. आई लहानपणीच गेली आणि मुलाचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले. या कुटुंबाचे कर्ते पुरुष म्हणजे हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे. ते मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते आणि पुढे पुण्यातील आनंदाश्रम या संस्थेचे संस्थापक झाले. सुरुवातीचे शिक्षण मुंबईत झाल्यावर हरिभाऊ पुण्यास आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्या शाळेचे ते विद्यार्थी झाले. हा योग साधा नव्हता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ज्या वयात आदर्श लागतात, त्या वयात त्याच्यासमोर ‘निबंधमाले’चे कर्ते शिक्षक म्हणून उभे होते. १८८२ मध्ये चिपळूणकर अकाली निधन पावले, तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका रचली. काव्य म्हणून तिची योग्यता फार नाही. परंतु शोक व्यक्त करावयाचा तर तो लिहूनच, ही सवय त्या वयातच लागली होती, एवढे तीवरून दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या काळातील आहे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) हे रूपांतर प्रसिद्ध केले आणि हरिभाऊंनी त्याचे दीर्घ व कठोर परीक्षण लिहिले. परीक्षण लिहिणारा विशीचाही नव्हता आणि ज्याचे पुस्तक परीक्षिले जात होते तो त्याचा गुरू होता. मूळ नाटक आणि रूपांतर ताडून पाहत, शब्दाला शब्द लावून, कोठे अर्थ सुटला आणि कोठे भाव उणावला हे दाखविणाऱ्या या परीक्षणात गुरूविषयी अनादर नाही. मात्र वाचकाचा हक्क सोडलेलाही नाही. मराठी समीक्षेच्या इतिहासात या परीक्षणाची नोंद घेतली जाते ती बहुधा त्याच्या विस्तारामुळे. हरिभाऊंच्या चरित्रात त्याचे मोल वेगळे आहे. विचारांच्या क्षेत्रात आगरकरांचे आयुष्यभर अनुयायी राहिलेल्या या माणसाने पहिली मोठी गोष्ट केली ती त्यांच्या पुस्तकाविरुद्ध मत नोंदविण्याची. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांतील मुले वडीलधाऱ्यांशी ज्या रीतीने वागतात—आदर न सोडता मतभेद धरून ठेवण्याच्या त्या अवघड रीतीने—तिचे मूळ येथे शोधले तर चूक होणार नाही.

महाविद्यालयात मात्र यश आले नाही. डेक्कन कॉलेज आणि नंतर नव्याने निघालेले फर्ग्युसन कॉलेज अशी वाटचाल झाली, पण गणित आडवे आले आणि पदवी हाती लागली नाही. अवांतर वाचनात काळ गेला आणि अभ्यास राहिला, ही तक्रार त्या काळच्या कितीतरी घरांतून ऐकू येत असे. हरिभाऊंच्या बाबतीत ती खरी होती आणि मराठी वाङ्मयाला तिचा लाभ झाला. त्यांचे वाचन कोठवर गेले होते याची साक्ष त्यांची रूपांतरे देतात. मोलिएरच्या प्रहसनावरून ‘मारून मुटकून वैदोबा’, व्हिक्टर ह्यूगोच्या ‘हेर्नानी’वरून ‘जयध्वज’, काँग्रीव्हच्या शोकांतिकेवरून ‘श्रुतकीर्तिचरित’ ही नाटके त्यांनी सिद्ध केली. संस्कृत साहित्याचा व्यासंग घरातच होता. अशा वाचकाने पहिली कादंबरी लिहिताना कोणाला समोर ठेवले? रेनल्ड्झला. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटते. लंडनच्या गल्लीबोळांतील गुन्हे, गुपिते आणि व्यसने यांच्या मालिका लिहिणाऱ्या या लेखकाला इंग्लंडातील प्रतिष्ठित टीकाकार जवळ करीत नव्हते; हिंदुस्थानातील इंग्रजी शिकलेल्या तरुणांत मात्र तो अमाप वाचला जाई. १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागलेली ‘मधली स्थिति’ ही कादंबरी रेनल्ड्झच्या आधाराने लिहिलेली आहे. लंडनच्या जागी पुणे आले, आणि नव्या शिक्षणाने जुने सुटलेले पण नवे न गवसलेले, दारू व दांभिकता यांत सापडलेले तरुण तीत आले.

रेनल्ड्झचा स्वीकार हा अपरिपक्व अभिरुचीचा पुरावा म्हणून सोडून देता येणार नाही. तरुण वाचक ज्या पुस्तकात रमतो ते पुस्तक त्याला काय देते हे हरिभाऊंना स्वतःवरून ठाऊक होते. चालू शहर, ओळखीचे रस्ते, दाराआड काय चालले आहे याचे कुतूहल, पुढच्या अंकाची ओढ—या गोष्टी ‘मंजुघोषे’त नव्हत्या आणि रेनल्ड्झमध्ये होत्या. हरिभाऊंनी त्यांपैकी घर आणि ओढ या दोन गोष्टी ठेवल्या आणि बाकीचे हळूहळू टाकून दिले. ‘मधली स्थिति’मध्ये दाराआड गुन्हा होता. पाच वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीत दाराआड एक मुलगी होती.

मधल्या काळात ‘गणपतराव’ ही कादंबरी ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून सुरू झाली आणि अपुरी राहिली. अपुरी असली तरी ती चरित्रदृष्ट्या उपेक्षणीय नाही. तीत बाह्य घटनांपेक्षा एका तरुणाच्या मनाची जडणघडण लेखकाला अधिक महत्त्वाची वाटू लागलेली आहे. या मासिकाच्या परिवारातच हरिभाऊंचा स्नेह गोविंद वासुदेव कानिटकर आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांच्याशी जुळला. या स्नेहाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे.

काशीबाईंचा जन्म १८६१ चा. म्हणजे हरिभाऊंपेक्षा त्या तीन वर्षांनी मोठ्या. लग्न नवव्या वर्षी झाले. अक्षरओळख लग्नानंतरची. सासरच्या वडीलधाऱ्या मंडळींना सुनेने पुस्तक हातात घेणे रुचणारे नव्हते, त्यामुळे वाचन चोरून, मिळेल त्या वेळी होई. पती कवी आणि सुधारकी मताचे. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्त्रियांच्या दास्याविषयीच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी केले होते. त्यांच्या आग्रहाने आणि त्याहूनही अधिक स्वतःच्या जिद्दीने काशीबाई इंग्रजी वाचण्यापर्यंत पोहोचल्या. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र (१८८९) लिहिले आणि ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. ती १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. वाङ्मयेतिहासात आद्य स्त्री-कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हरिभाऊंच्या चरित्रात त्यांचे स्थान मात्र आधी वाचकाचे आहे. बालविवाहित मुलगी म्हणून जे वय जगावे लागले ते आठवू शकणारी, त्याविषयी बोलू शकणारी, आणि कागदावर उतरलेले खरे की खोटे हे सांगू शकणारी स्त्री-वाचक त्या पिढीतील किती लेखकांना लाभली असेल? उभयतांमध्ये बहीण-भावाच्या नात्याने पत्रव्यवहार होता, लेखनाची चर्चा होती. सासुरवाशिणीचे मन, स्वयंपाकघरातील उतरंड, माजघरातील कुजबुज, सणावारी माहेरी येण्याची ओढ यांचे जे ज्ञान हरिभाऊंच्या कादंबरीत आढळते ते पुरुषाला कोठून आले, असा प्रश्न त्या काळापासून विचारला जात आला आहे. एकत्र कुटुंबात आईवेगळे वाढलेले मूल बायकांच्या राज्यात फिरते आणि पुष्कळ पाहते, हे त्याचे एक उत्तर. काशीबाई हे दुसरे. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. एकावरच भर देऊन दुसऱ्याचे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही.

ऑक्टोबर १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. आगरकरांचा ‘सुधारक’ दोन वर्षांपूर्वीच निघाला होता. त्यातील घणाघात घराघरांत पोहोचत नव्हते. आणि जेथे पोहोचत तेथे दार लावून घेतले जाई. जे निबंधाने होत नाही ते गोष्टीने करावे, सर्व कुटुंबाने एकत्र बसून वाचावे असे काही द्यावे, हा ‘करमणुकी’मागचा हेतू होता. याच पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ पर्यंत चालली.

या तारखांकडे नीट पाहिले पाहिजे. रखमाबाईंचा खटला १८८४ मध्ये दाखल झाला होता. लहानपणी लावलेले लग्न मान्य नाही असे म्हणणाऱ्या या तरुणीला नवऱ्याकडे जा अथवा तुरुंगात जा असा आदेश १८८७ मध्ये झाला आणि १८८८ मध्ये तडजोड झाली. बेहरामजी मलबारींची टिपणे १८८४ पासून चर्चेत होती. कलकत्त्यास फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शय्येवर मरण पावली आणि त्याविषयीचा खटला १८९० मध्ये चालला. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला. पुण्यात त्यावरून रणे माजली, सभा उधळल्या गेल्या, टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे ठाकले. मुलगी केव्हा मोठी होते, हा प्रश्न विधिमंडळात, शास्त्रार्थात आणि वर्तमानपत्रांत वादला जात असताना ‘करमणुकी’च्या अंकांतून यमू आठवड्याआठवड्याने मोठी होत होती. कायद्याला जे वय आकड्यांत मोजावे लागत होते ते कादंबरी आतून दाखवीत होती.

यमुना हे नाव मराठी कादंबरीत पूर्वी येऊन गेले होते. बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटना’तील (१८५७) यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांच्या दुःखाच्या हकिकती पाहते, ऐकते. ती साक्षी आहे. तिचे स्वतःचे वैधव्य कथेत येते, पण तोवर तिची मते बनलेली आहेत. हरिभाऊंच्या यमूची मते बनलेली नाहीत. ती बनताना दिसतात. कादंबरी तिच्या तोंडून सांगितली आहे, आणि हाच मुख्य बदल होय. भावाबरोबरचे खेळ, भांडणे, वडिलांचा धाक, आईची सोशिकता, मैत्रीण दुर्गीच्या वाट्याला आलेला नवरा हे सारे प्रथम मुलीच्या समजुतीनुसार येते. लिहिणारी यमू आता सर्व जाणते आहे, पण ज्या वयाची हकिकत चालू आहे त्या वयाचा अडाणीपणा ती पुसून टाकीत नाही. दोन यमूंमधील हे अंतर म्हणजेच या कादंबरीचे मर्म आहे. लग्नाचा अर्थ नवे कपडे आणि मिरवणूक एवढाच समजणारी मुलगी आणि तो समज आठवून लिहिणारी विधवा या दोघी एका वाक्यात नांदतात. त्यासाठी लेखकाला निबंधातील भाषा टाकून घरातील बोलणे उचलावे लागले. यमूची फापटपसारा करीत, मध्येच थांबून मागचे आठवीत, पुन्हा मूळ मुद्द्यावर येत जाणारी वाणी ही हरिभाऊंची कमाई आहे. त्या फापटपसाऱ्याला दोष देणाऱ्या टीकाकारांनी तो काढून टाकल्यावर यमू कितपत उरते याचा विचार केलेला दिसत नाही.

मग प्रणयाचे काय? अद्भुतरम्य कादंबऱ्यांत लग्न हा शेवट असे. येथे लग्न प्रारंभी होऊन जाते आणि प्रेम नंतर यावे लागते. यमू आणि रघुनाथराव मुंबईस बिऱ्हाड करून राहतात, तो भाग मराठीतील पहिला विश्वसनीय प्रणय म्हणावा लागेल. त्यात चोरून भेटी नाहीत, विरहाचे श्लोक नाहीत. नवरा बायकोला वाचावयास शिकवितो, दोघे एकमेकांशी बोलतात, स्नेह्यांच्या घरी जातात, एवढेच. परंतु सासरच्या घरात नवरा-बायकोने दिवसाउजेडी चार शब्द बोलणे हाही अपराध होता, हे वाचकाने पाहिलेले असते. म्हणून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातील हे साधे बोलणे त्याला राजवाड्यातील उपवनाहून अपूर्व वाटते. वाढणे आणि प्रेम करणे या दोन गोष्टी येथे एकाच क्रियेच्या दोन बाजू होतात. यमूला मन आहे याचा शोध रघुनाथरावांना लागतो, तसा तो तिला स्वतःलाही लागतो. आणि त्यानंतर वैधव्य येते. शंकरमामंजींच्या कपटाने व बळजबरीने तिचे केशवपन होते. ज्या स्त्रीला वाढू दिले तिलाच पुन्हा वस्तू केले जाते. कादंबरीचा हा भाग आजही अस्वस्थ करतो, त्याचे कारण अत्याचार हे नसून त्याआधीची वाढ हे आहे. शंकरमामंजी हे पात्र एकरंगी झाले आहे, ही टीका मान्य केली पाहिजे. दुष्टतेचा असा निखळ अर्क रेनल्ड्झच्या शाळेतून आलेला दिसतो. परंतु यमूच्या निवेदनात तो खपून जातो, कारण ती त्याला न्यायाधीशाच्या आसनावरून पाहतच नाही, घरातल्या धाकट्या सुनेच्या जागेवरून पाहते.

साप्ताहिकातून येणाऱ्या कादंबरीचे वाचन ग्रंथाच्या वाचनाहून वेगळे असते. अंक घरी येई, कोणी वाचून दाखवी, अक्षरशून्य बायका ऐकत. पुढे काय होणार याची चर्चा आठवडाभर टिके. यमूसारख्याच वयात लग्न झालेल्या मुली आणि यमूसारखीच स्थिती झालेल्या स्त्रिया त्या ऐकणाऱ्यांत असणारच. त्यांना आपली हकिकत दुसऱ्याच्या तोंडून प्रथमच ऐकावयास मिळत होती. पुस्तकातील नायिकेसारखे आपण व्हावे असे अद्भुतरम्य कथेच्या वाचकाला वाटे. यमूच्या वाचकाला ती आपणच आहोत असे वाटले. मराठी वाचनाच्या इतिहासात हे वळण फार मोठे आहे, आणि त्याचा आघात लेखकावरही झाला असला पाहिजे, कारण यानंतर हरिभाऊंनी सामाजिक कादंबरीत वाढत्या वयाचा विषय सहसा सोडलाच नाही.

‘यशवंतराव खरे’ आणि ‘मी’ या दोन कादंबऱ्या १८९२ ते १८९५ या काळात ‘करमणुकी’त आल्या. पहिलीत गरीब घरातील, मानी विद्यार्थ्याची घडण आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. यमूप्रमाणेच ‘मी’चाही निवेदक स्वतःची कथा सांगतो, भाव्या या हूड मुलाचा भावानंद होतो. यमूच्या कथेची ही जोडकथा आहे, असे म्हटले पाहिजे. मुलाला शाळा आहे, मार्गदर्शक आहे, मुंबई-पुण्याचे रस्ते आहेत, वेळ आहे—बहिणीला, म्हणजे ताईला, यांतील काहीही नाही. तिचे दुःख पाहूनच भाव्याला प्रौढता येते. त्याचे सुंदरीवर प्रेम बसते; ते परस्परांना कळते; आणि समाजकार्यासाठी तो त्याचा त्याग करतो. मठ स्थापून, संन्यस्त वृत्तीने, सर्वस्व देशकार्यास वाहणाऱ्या तरुणांचे हे चित्र गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या (१९०५) दहा वर्षे आधी रंगविलेले आहे. त्या द्रष्टेपणाचे कौतुक पुष्कळ झाले. वाचकाची तक्रार मात्र बाजूस राहिली. भावानंदाचा त्याग उदात्त आहे. पण सुंदरीच्या बाजूने पाहिले तर तिच्या वाढीला कादंबरीत पुरेशी जागा मिळालेली नाही. यमूच्या वेळी घराच्या आत शिरलेला लेखक येथे सुंदरीच्या मनाच्या उंबरठ्यावर थांबतो. प्रेम आणि कार्य ही दोन्ही एका आयुष्यात मावू शकतात, हे रघुनाथराव-यमूच्या बिऱ्हाडात त्याने दाखविले होते. भावानंदाच्या बाबतीत तो ते मान्य करीत नाही. गुरुवर्य आगरकरांचे कष्टमय जीवन आणि १८९५ मधील त्यांचा अकाली मृत्यू हे ज्याने जवळून पाहिले त्याला सुखी सुधारकाची कल्पना करवली नसेल, असे एक कारण देता येईल. दुसरे कारण त्याच्या स्वतःच्या घरात होते.

हरिभाऊंचे लग्न विद्यार्थिदशेतच झालेले होते. संसार चुलत्यांच्या एकत्र कुटुंबात चालला, आणि अशा कुटुंबात तरुण पुरुषाच्या मतांना कागदावर जेवढी मोकळीक असते तेवढी माजघरात नसते. विधवांच्या आणि सासुरवाशिणींच्या बाजूने असा आवाज उठविणाऱ्या लेखकाने घरातील रूढी मोडण्याचे धाडस केले नाही, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी आणि काही स्नेह्यांनीही मनात ठेवली. या विसंगतीची झाकपाक करण्याची आवश्यकता नाही. तीच त्यांच्या कादंबऱ्यांतील पुरुषपात्रांत उतरली आहे. रघुनाथराव मुंबईस गेल्याशिवाय मोकळे होत नाहीत. भावानंद घर सोडल्याशिवाय मोठा होत नाही. घरात राहून मोठा होणारा पुरुष हरिभाऊंना रंगविता आला नाही.

पुढील आयुष्याची हकिकत थोडक्यात सांगता येते. ‘उषःकाल’ (१८९५–९७) पासून शिवकालावरील कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला. त्यांतही वडील व मुलगा यांचा संघर्ष आहेच. विजापूरच्या चाकरीला जन्मभर इमान राखणाऱ्या किल्लेदाराचा मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे वळतो, आणि इतिहासाच्या पोशाखात पुन्हा तीच वयात येण्याची कथा उभी राहते. विजयनगरच्या नाशावरील ‘वज्राघात’ (१९१३–१५) मध्ये रामराजा आणि मेहेरजान यांच्या प्रणयाचे फळ त्यांच्या मुलाच्या पिढीला भोगावे लागते. प्रणयाचे इतके मोकळे आणि इतके विनाशक चित्र त्यांनी सामाजिक कादंबरीत कधी काढले नव्हते. शतकांपूर्वीच्या राजधानीत ते शक्य झाले. दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ यासारख्या कथांनी मराठी लघुकथेला पाया दिला. चुलत्यांच्या मागे आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. संस्कृत ग्रंथांची मुद्रिते तपासणे आणि ‘करमणुकी’चा मजकूर पुरविणे ही दोन कामे एकच माणूस वर्षानुवर्षे करीत होता. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद, १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठातील विल्सन व्याख्याने हे सन्मान आले. पदवी न मिळालेल्या माणसाला विद्यापीठाने व्याख्यानास बोलावले, यात काळाने केलेली भरपाई दिसते.

सामाजिक कादंबऱ्या मात्र पुढे अडखळू लागल्या. ‘आजच’ अपुरी राहिली, ‘कर्मयोग’ अपुरी राहिली. साप्ताहिकाचा रगाडा हे याचे कारण सांगितले जाते आणि ते खरे आहे. परंतु ऐतिहासिक कादंबऱ्या त्याच रगाड्यात बहुतेक पुऱ्या झाल्या. तरुण मनुष्याने पुढे काय व्हावे, या प्रश्नाचे जे उत्तर १८९५ मध्ये भावानंदाच्या मठाने देता आले, ते वंगभंगानंतरच्या तरुणाला पुरणारे नव्हते. त्याचे प्रश्न बदलले होते आणि लेखकाचे वय झाले होते. वाढत्या वयाची कादंबरी लिहिणाऱ्याला एका मर्यादेनंतर पुढील पिढीचे वय परके होते, हे हरिभाऊंच्या या अपुऱ्या पुस्तकांत जितके स्पष्ट दिसते तितके पुऱ्या पुस्तकांत दिसत नाही.

तरी तरुणांच्या लेखनाकडे वाचक म्हणून त्यांचे लक्ष अखेरपर्यंत राहिले. केशवसुतांच्या कविता ‘करमणुकी’तून प्रसिद्ध झाल्या होत्या. १९०५ मध्ये केशवसुत निवर्तले. त्यांच्या हयातीत संग्रह निघाला नव्हता. तो हरिभाऊंनी संपादित करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी कवितेतील नवे वय पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले ते या जुन्या कादंबरीकाराच्या हातून. त्याच वर्षी ‘करमणूक’ बंद पडले. सत्तावीस वर्षे चाललेल्या या पत्राचे पहिले वाचक तोवर आजोबा-आजी झाले होते आणि त्यांच्या नाती शाळेत जात होत्या. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यास हरिभाऊंचे निधन झाले. पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उणे होते. काशीबाई त्यांच्यामागे जवळजवळ तीस वर्षे जगल्या. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लग्नाने फसविली गेलेली मुलगी एका संस्थानाचा कारभार हाती घेते आणि तेथील स्त्रियांचे जीवन बदलते. यमूच्या पहिल्या वाचकांपैकी एकीने, सदतीस-अडतीस वर्षांनंतर, वाढलेल्या मुलीला घराबाहेरचे राज्य दिले होते.